बर्फाचा उतार ओळखावा कसा?

(बर्फाळ डोंगरावर स्नोमोबाइल चालवणे हा थंड देशांतील एक आवडता खेळ आहे. या खेळात हिमस्खलनाचा मोठा धोका असतो. हा धोका आधीच कसा ओळखावा आणि तो कसा टाळावा, याची माहिती या पाठात दिली आहे.)

'बर्फ' हा शब्द तुम्ही घरी नेहमी बोलता. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. मराठीत बर्फासाठी आणखी एक शब्द आहे. तो म्हणजे 'हिम'. 'स्खलन' म्हणजे घसरणे. डोंगराच्या उतारावर साचलेला बर्फ एकाएकी सुटतो आणि मोठ्या वेगाने खाली येतो, तेव्हा त्याला 'हिमस्खलन' म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, हे तुम्ही ऐकले असेल. थंड प्रदेशात बर्फाची दरड कोसळते, असे म्हणायला हरकत नाही.

हिमस्खलन म्हणजे अचानक आलेले संकट, त्यापुढे माणसाचे काही चालत नाही, असे पुष्कळांना वाटते. परंतु डोंगरावर खेळायला गेलेल्या लोकांच्या बाबतीत हे खरे नाही. अशा अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट आढळून आली आहे. जीवघेण्या अपघातांपैकी दहांत सुमारे नऊ वेळा बर्फ आपोआप सुटत नाही. त्यात सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्या भारामुळेच तो सुटतो. हे ऐकून वाईट वाटते. पण यातच आशाही आहे. जे माणसाच्या हातून घडते, ते माणसाला टाळताही येते. त्यासाठी उतार ओळखता आला पाहिजे.

प्रथम स्नोमोबाइल म्हणजे काय ते पाहू. ही बर्फावरून धावणारी गाडी आहे. तिच्यावर मोटारसायकलवर बसतात तसे बसतात. पुढे चाकाऐवजी दोन घसरपट्ट्या असतात. मागे रुंद रबरी पट्टा असतो. इंजिनाच्या जोरावर हा पट्टा फिरतो आणि गाडी पुढे जाते.

या गाडीच्या जन्माशी एका बापाचे दुःख जोडलेले आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हाल्कूर नावाचे गाव आहे. तेथे जोसेफ-आर्मांद बोंबार्दिये नावाचे एक कुशल कारागीर राहत. बर्फावर चालणारी गाडी तयार करण्याचा त्यांना लहानपणापासून ध्यास होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद झाले होते. मुलाला दवाखान्यात नेता आले नाही आणि तो दगावला. बोंबार्दिये यांनी जिद्दीने प्रयोग चालू ठेवले. काही वर्षांतच त्यांची मोठी बर्फगाडी रस्त्यावर आली. पुढे १९५९ साली त्यांनी 'स्की-डू' ही एकदोन माणसांची हलकी गाडी बाजारात आणली. लोकांची कामे सोपी झाली. हळूहळू ही गाडी खेळाचे साधनही बनली. पुढे गाड्या अधिक ताकदवान झाल्या, पट्टे लांब आणि खोल दातांचे झाले. पूर्वी जेथे पाय ठेवणे कठीण होते, अशा उभ्या उतारांवर स्वार काही मिनिटांत पोहोचू लागले. धोका येथूनच वाढला.

२८ डिसेंबर २००८ चा दिवस. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फर्नी गावाजवळ हार्वे पास नावाची डोंगराळ जागा आहे. स्पारवुड या गावचे अकरा जण तेथे स्नोमोबाइल घेऊन गेले होते. ते नवशिके नव्हते. बर्फात गाडलेल्या माणसाला शोधण्याची यंत्रेही त्यांच्याजवळ होती. एकाएकी बर्फ सुटला आणि सात जण त्याखाली गाडले गेले. उरलेले चार जण मदतीला धावले. ते बर्फ उकरत होते, तोच वरून दुसरे हिमस्खलन आले आणि सारेच गाडले गेले. दोघे कसेबसे बाहेर आले. त्यांनी आणखी एका सोबत्याला उकरून काढले. वर अजून बर्फ लटकत होता. तेथे थांबणे म्हणजे उरलेले तीन जीवही गमावणे होते. जड मनाने ते तिघे तेथून निघाले. आठ जण मरण पावले.

अनुभव होता, साधने होती, धाडस होते आणि मित्रांविषयी माया होती. तरीही असे का झाले? उत्तर बर्फाखाली दडलेले आहे.

डोंगरावरचा बर्फ एकसारखा नसतो. तो थराथरांनी साचतो. प्रत्येक बर्फवृष्टीचा एक थर. काही थर घट्ट असतात, काही कच्चे असतात. निरभ्र, थंड रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर दवासारखे नाजूक स्फटिक तयार होतात. दिसायला ते फार सुंदर असतात. पण त्यांना भार सोसत नाही. कधी बर्फ थोडाच पडतो आणि मग कडाक्याची थंडी पडते. तेव्हा बर्फाचे कण साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होतात. अशा कच्च्या थरावर नंतर जोराची बर्फवृष्टी झाली, की वर घट्ट बर्फाची लादी तयार होते. वरून सारे पांढरे शुभ्र आणि भक्कम दिसते. खाली मात्र आधार नसतो. २००८ च्या डिसेंबरात त्या प्रांतात असेच घडले होते. आधी कडक थंडी पडली, मग वरून पुष्कळ बर्फ पडला.

हे समजून घेण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. लाकडी पाटावर मोहरीचे दाणे पसरा. त्यावर एक जाड पुस्तक ठेवा. आता पाटाची एक बाजू सावकाश उचला. थोडा उतार होताच पुस्तक घसरेल. मोहरी काढून पुन्हा तसेच करा. आता पाट बराच उचलला, तरी पुस्तक जागचे हलणार नाही. पुस्तक म्हणजे बर्फाची लादी, मोहरी म्हणजे कच्चा थर आणि पाट म्हणजे डोंगराचा उतार. पुस्तक अगदी घसरण्याच्या बेतात असताना त्याला बोटाने हलका धक्का द्या. ते लगेच सुटेल. बोट म्हणजे स्नोमोबाइल. गाडी आणि स्वार यांचे वजन मिळून तीनशे किलोच्या आसपास भरते. एवढा भार लादीवर पडला, की खालचा कच्चा थर मोडतो. तो एका जागी मोडला, की तडा क्षणात दूरवर पसरतो आणि सारा उतार एकदम सुटतो.

उतार ओळखताना पहिला प्रश्न विचारावा: उतार किती उभा आहे? तुमच्या कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. एकाचा सर्वांत लहान कोन ३० अंशांचा असतो. दुसऱ्यात ४५ अंशांचे दोन कोन असतात. बर्फाच्या लाद्या बहुतेक याच दोन कोनांच्या मधल्या उतारांवरून सुटतात. ३० अंशांहून कमी उतारावर लादी सहसा सुटत नाही. फारच उभ्या कड्यावर बर्फ साठून राहत नाही. तो थोडा थोडा गळत राहतो. दुर्दैवाची गोष्ट अशी, की स्वारांना आवडणारे उतारही ३० ते ४५ अंशांचेच असतात. पांढऱ्या डोंगरावर डोळ्यांचा अंदाज फसतो. म्हणून जाणकार उतारमापकाने कोन मोजतात.

येथे एक गोष्ट विसरू नये. आपण सपाट जागी उभे आहोत, म्हणून आपण सुरक्षित आहोत असे नाही. वर उभा उतार असेल, तर सुटलेला बर्फ खालच्या सपाटीवर येऊन पसरतो. खाली ओढा, घळ, झाडे किंवा कडा असेल, तर लहानसे हिमस्खलनही प्राणघातक ठरते. घळीत बर्फाचा ढीग खोल साचतो. झाडांवर आणि खडकांवर माणूस आदळतो.

दुसरा प्रश्न: गेल्या दोन-तीन दिवसांत हवामान कसे होते? एका दिवसात तुमच्या फूटपट्टीएवढा, म्हणजे ३० सेंटिमीटर, नवा बर्फ पडला असेल, तर सावध व्हावे. जोराचा वारा सुटला असेल, तर अधिक सावध व्हावे. वारा डोंगराच्या एका बाजूचा बर्फ उचलतो आणि दुसऱ्या बाजूला, म्हणजे आडोशाला, नेऊन टाकतो. आडोशाची बाजू माणसाला सुखाची वाटते. पण तिच्यावरच जास्त भार साचलेला असतो. डोंगरमाथ्यावर बर्फाचा छज्जा पुढे आलेला दिसला, की वाऱ्याने बर्फ कोणत्या बाजूला टाकला ते कळते. एकाएकी ऊन तापले किंवा पाऊस पडला, तरी बर्फाची पकड ढिली होते.

तिसरा प्रश्न: डोंगर स्वतः काय सांगत आहे? धोक्याच्या तीन खुणा अगदी स्पष्ट असतात. जवळच्या उतारावर नुकतेच हिमस्खलन झालेले दिसणे, ही पहिली खूण. गाडीच्या किंवा पायाच्या दाबाने बर्फात लांब तडे जाणे, ही दुसरी खूण. पायाखालचा बर्फ 'धप्प' असा आवाज करून खचणे, ही तिसरी खूण. हा आवाज खालचा कच्चा थर मोडल्याचा असतो. यांपैकी एकही खूण दिसली, की अधिक विचार करत बसू नये. उभे उतार सोडून द्यावेत.

स्नोमोबाइलच्या स्वाराची अडचण येथेच आहे. इंजिनाच्या आवाजाने बर्फ कोसळतो, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. बर्फ आवाजाने सुटत नाही, भाराने सुटतो. परंतु इंजिनाच्या आवाजात तो 'धप्प' आवाज ऐकू येत नाही. वेगामुळे पडलेले तडे मागे राहतात आणि दिसत नाहीत. पायी चालणाऱ्याला जे आपोआप कळते, ते स्वाराला कळत नाही. शिवाय स्वार एका दिवसात कितीतरी उतार पालथे घालतो. म्हणून शहाणा स्वार अधूनमधून गाडी थांबवतो. इंजिन बंद करतो. खाली उतरतो. बर्फात पाय रोवून पाहतो. एखाद्या लहानशा, निर्धोक चढावर दाब देऊन तडे जातात का ते बघतो.

जाणकार लोक बर्फात खड्डा खणून थर तपासतात. खड्ड्याच्या भिंतीत ३० सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा बर्फाचा खांब मोकळा करतात. त्यावर फावडे आडवे ठेवतात. मग मनगटापासून हात हलवून दहा थापा मारतात. त्यानंतर कोपरापासून दहा आणि शेवटी खांद्यापासून दहा थापा मारतात. थोड्याच थापांत खांबाचा वरचा भाग एकदम सुटून सरकला, तर खाली कच्चा थर आहे, हे समजते. मात्र खांब टिकला म्हणून सारा डोंगर भक्कम आहे, असे ठरत नाही. दहा पावलांवर बर्फ वेगळा असू शकतो.

हे सारे एकट्या स्वाराला जमणे कठीण आहे. म्हणून कॅनडात 'अॅव्हलांच कॅनडा' ही संस्था हिवाळ्यात रोज हिमस्खलनाचा अंदाज प्रसिद्ध करते. धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या आहेत: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त आणि अतितीव्र. चौथ्या-पाचव्या पायरीला बहुतेक लोक घरी थांबतात. तिसरी पायरी मधली आहे, म्हणून तेव्हा फारशी भीती नाही, असे त्यांना वाटते. हीच चूक महागात पडते. पुष्कळ माणसे तिसऱ्या पायरीच्या दिवशीच प्राण गमावतात. या दिवशी माणसाच्या भाराने बर्फ सुटण्याचा संभव बराच असतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

उतार चांगला वाटला, तरी काही नियम पाळावेच लागतात. उतारावर एका वेळी एकानेच जावे. इतरांनी बाजूला, बर्फ पोहोचणार नाही अशा जागी, थांबावे आणि त्याच्यावर नजर ठेवावी. त्याची गाडी वर अडकली, तर ती काढायला दुसऱ्याने गाडी घेऊन जाऊ नये. त्यामुळे त्याच लादीवर दुप्पट भार पडतो. एक जण चढून गेला, चार जण चढून गेले, म्हणून पाचवाही जाईल, असे मानू नये. आधीच्या गाड्यांचे माग म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे. पाचव्याची गाडी नेमकी कच्च्या जागेवर जाऊ शकते.

स्वारांमध्ये एक चढाओढ चालते. उभ्या उतारावर जितके उंच जाता येईल तितके जायचे, तेथे वळायचे आणि खाली यायचे. ज्याच्या गाडीचा माग सर्वांत उंच, तो जिंकला. १३ मार्च २०१० रोजी कॅनडातील रेव्हलस्टोक शहराजवळ बोल्डर माउंटन या डोंगरावर ही चढाओढ पाहायला सुमारे दोनशे लोक जमले होते. बरेच जण उताराच्या पायथ्याशीच उभे होते. वरून बर्फ सुटला. दोघे मृत्युमुखी पडले आणि तीसच्या आसपास लोक जखमी झाले. खाली उभे राहून मजा पाहणाऱ्यांनीही वर पाहायला हवे, हे या घटनेने शिकवले.

प्रत्येक स्वाराजवळ तीन वस्तू असाव्याच लागतात. अंगावर बांधायचे ट्रान्सीव्हर नावाचे लहान यंत्र, बर्फात खुपसून माणूस शोधण्याची लांब सळई आणि फावडे. या वस्तू गाडीत न ठेवता अंगावर किंवा पाठपिशवीत ठेवाव्यात. कारण गाडी स्वारापासून दूर फेकली जाते. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, तर गाडलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्धा तास गेल्यावर फार थोडे वाचतात. म्हणून दूरच्या मदतीची वाट पाहता येत नाही. सोबत्यांनीच सोबत्याला काढावे लागते. पण उकरायला धावण्यापूर्वी वर आणखी बर्फ लटकत नाही ना, हे बघावे. पश्चिम कॅनडात हिमस्खलनात मेलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक आदळून झालेल्या जखमांनी दगावले, असे आढळले आहे. अशा वेळी कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही. म्हणून साधने जवळ असावीत. पण त्यांच्या भरवशावर धोक्याच्या उतारावर जाऊ नये.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. काश्मीरमधील गुलमर्ग येथे पर्यटकांना स्नोमोबाइलवरून फिरवतात. महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे तेथे जातात. त्याच परिसरात खिलनमर्ग येथे ८ फेब्रुवारी २०१० रोजी झालेल्या हिमस्खलनात प्रशिक्षण घेणारे आपले १७ जवान शहीद झाले. आपल्या देशातही संरक्षण खात्याची संस्था हिमालयातील हिमस्खलनांचा अंदाज देते. तेथे जाणाऱ्याने तो पाहावा. वाहन चालवणारा किंवा वाटाड्या "आज वर जायचे नाही" म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नये. दूरवरून आलो आहोत, पैसे भरले आहेत, ही कारणे बर्फाला कळत नाहीत.

उतारावर जाण्यापूर्वी सोबत्यांपैकी कोणालाही शंका वाटली, तर ती त्याने मोकळेपणाने बोलून दाखवावी. तो वयाने लहान असला, तरी इतरांनी ती ऐकावी. भित्रा म्हणून त्याला हसू नये. डोंगर उद्याही तेथेच असतो. आज परत फिरलेला स्वार उद्या पुन्हा तेथे जाऊ शकतो.

शब्दार्थ

दगावणे – मरण पावणे. ध्यास – सतत लागलेली ओढ. नवशिका – नुकताच शिकू लागलेला. निरभ्र – ढग नसलेले. लादी – सपाट, जाड तुकडा. घळ – दोन डोंगरांमधली अरुंद खोल जागा. आडोसा – वारा न लागणारी जागा. लक्षणीय – ध्यानात घेण्याजोगा. वाटाड्या – रस्ता दाखवणारा. पालथे घालणे – सगळीकडे फिरणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हिमस्खलन कशाला म्हणतात?
(आ) बर्फाच्या लाद्या बहुतेक किती अंशांच्या उतारांवरून सुटतात?
(इ) धोक्याच्या तीन स्पष्ट खुणा कोणत्या?

२. कारणे लिहा.
(अ) स्वाराने अधूनमधून इंजिन बंद करावे.
(आ) अडकलेली गाडी काढायला दुसऱ्याने गाडी घेऊन वर जाऊ नये.
(इ) धोक्याच्या तिसऱ्या पायरीच्या दिवशी विशेष सावध राहावे.

३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
हार्वे पास येथील घटनेतून कोणता बोध मिळतो?

४. वाक्यांत उपयोग करा.
पालथे घालणे, महागात पडणे, वाद घालणे.

५. उपक्रम
पाट, मोहरी आणि पुस्तक यांचा प्रयोग वर्गात करा. पुस्तक घसरले तेव्हाचा उताराचा कोन कोनमापकाने मोजा आणि वहीत लिहा.